शेडताई आणि खिडकीतली बाटली

रंगाच्या दुकानात शिरून नुसता "पांढरा द्या" म्हणणाऱ्या माणसाकडे शेडताई फार दयेने बघतात. पांढरा म्हणजे कुठला, असं त्या विचारतात आणि गिऱ्हाईक तिथेच गारद होतं. मग त्या समजावून सांगतात, की दुधाचा पांढरा वेगळा, खडूचा वेगळा, अंड्याच्या कवचाचा वेगळा आणि जुन्या फ्रिजचा तर फारच वेगळा. शिवाय घरात लहान मुलं असतील तर पांढऱ्याचा नाद सोडलेलाच बरा. पांढरा न्यायला आलेला माणूस थोड्या वेळाने फिकट हिरव्याचा डबा काखोटीला मारून बाहेर पडतो. आपण बायकोला काय सांगणार आहोत, एवढीच चिंता त्याच्या चेहऱ्यावर असते.

त्यांचं खरं नाव दुकानात कुणाला आठवत नाही; हवी ती शेड जुळवून देतात, म्हणून शेडताई. लोक पडद्याचा तुकडा आणतात, भिंतीचा पोपडा आणतात, एका बाईंनी तर वाद नको म्हणून नवऱ्याचा सदराच अंगातून काढून आणला होता. शेडताई तो नमुना हातात घेतात, डब्यात दोन थेंब पिवळा, चिमूटभर काळा टाकतात, काठीने ढवळतात, कार्डावर बोट फिरवतात, केस वाळवायच्या मशीनने ते कार्ड वाळवतात आणि मग दुकानाच्या पायरीवर उन्हात जाऊन उभ्या राहतात. हा त्यांचा धर्म. दुकानातल्या ट्यूबलाईटला त्या खोटारडी म्हणतात. रंग उन्हातच बघायचा. मालकांनी एकदा दारातच एक महागडा दिवा लावून दिला, तर शेडताईंनी तो दिवा कसा आहे हे बघायला उन्हात नेला.

माणसांचंही त्या असंच करतात. मालक चिडले, की "आज विटकरी आहेत" असं सांगून त्या गिऱ्हाइकाला उधारी मागण्यापासून वाचवतात. नवरा त्यांच्या हिशेबी राखाडी. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि घरात आई व बायको यांच्यामध्ये वर-खाली करत असतो, कुठल्याही मजल्यावर फार वेळ न थांबता. सासूबाई मात्र भडक. त्यांची शेड कुठल्याच कार्डावर नाही, असं शेडताई म्हणतात, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात थोडा आदरही असतो.

एवढ्या आनंदी बाईला एकच दुखणं होतं, आणि ते पोटात होतं.

वर्षातून दोनचार वेळा ते यायचं. यायचं म्हणजे मुक्कामालाच यायचं. पोटात कुणीतरी ओला टॉवेल पिळावा तसं पिळायचं, उलट्या व्हायच्या, झोप उडायची, छाती धडधडायची, आणि एरवी सगळ्या जगाशी गोड बोलणाऱ्या शेडताई उशीशी भांडायच्या. डॉक्टर पोट दाबून बघायचे तर पोट मऊ. फोटो काढले तर ते स्वच्छ. आतड्यात दुर्बीण घातली तर आतडं असं गुळगुळीत, की तपासणाऱ्याने कौतुक केलं. एकदा शेवटचा उपाय म्हणून अपेंडिक्स काढलं. ते बाहेर आलं तेव्हा अगदी ठणठणीत निघालं. बिचाऱ्याचा काही गुन्हा नसताना त्याला घराबाहेर काढलं, असं शेडताई अजून म्हणतात. त्या ऑपरेशननंतर मात्र त्यांच्या हातापायांतली ताकदच गेली. महिनाभर जिना चढवेना, रंगाची काठी धरवेना. अशक्तपणा आहे, असं सगळे म्हणाले. पोटदुखी काही महिन्यांनी हजर झालीच.

आता ज्या दुखण्याचा फोटो येत नाही, त्याला घरात फार काळ मान मिळत नाही. सासूबाईंचं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं: ही जेवत नाही. शेडताईंना बारीक व्हायचा अधूनमधून झटका यायचा. कपाटातला एखादा जुना ड्रेस त्यांना वाकुल्या दाखवायचा आणि त्या आठवडाभर काकडी आणि निर्धार यांवर काढायच्या. सासूबाई ताट पुढे सरकवायच्या, सून मागे सरकवायची. पण सासूबाई मोडलेल्या छत्रीपासून उशिरा आलेल्या पत्रापर्यंत सगळ्याच गोष्टींचं कारण न जेवणं हेच सांगत असल्यामुळे त्यांचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही.

दादाचं निदान त्याहून थोडक्यात होतं. दादा म्हणजे शेडताईंचा थोरला भाऊ. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो आणि शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून बसून त्याच्या जिभेला कायमचा ब्रेक लागेनासा झाला आहे. तो बहिणीला "नाटकी" म्हणायचा. लहानपणापासून म्हणायचा, तेव्हा त्यात नवीन काही नव्हतं; पण पोटाला उशी घट्ट धरून पडलेलं असताना तो शब्द वेगळा लागतो.

दादाला स्वतःला दुखणं होतं, पण ते दाखवता येण्यासारखं होतं. त्याच्या हातांच्या पाठीवर फोड यायचे. कातडी इतकी नाजूक झाली होती, की गाडीचा दरवाजा लागला तरी सालपट निघायचं, आणि खिडकीकडचा हात तर सदाच पट्टी बांधलेला. काच वर करून बसलं तरी फोड यायचेच. कातडीच्या डॉक्टरांनी त्याला पोर्फिरिया असल्याचं सांगितलं होतं. त्यातला नुसत्या कातडीचा प्रकार, जो यकृतावर ताण पडला आणि अंगात लोह साठलं, की उफाळतो. दारू किती पिता, असं त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, थेंबही नाही. डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुन्हा विचारलं. हे वहिनीच्या कानावर गेलं आणि तेव्हापासून दादा घरी आला, की वहिनी त्याचं स्वागत नाकाने करू लागली. बिचारा लवंग खायचा, तर ती लवंग का खाल्ली याची चौकशी व्हायची. उपाय म्हणून ठरावीक दिवसांनी त्याच्या अंगातून एकेक पिशवी रक्त काढत होते. फोड जात नव्हते, पण दादा हळूहळू फिका पडत चालला होता. शेडताई त्याला अंड्याच्या कवचावरून खडूपर्यंत सरकताना बघत होत्या.

तर एका उन्हाळ्यात तो जुना ड्रेस पुन्हा वाकुल्या दाखवू लागला, काकडी आली, आणि काकडीच्या मागोमाग पोटदुखी आली. या वेळी इतकी जोरात, की नवऱ्याने कुणालाही न विचारता शेडताईंना दवाखान्यात भरती केलं. आयुष्यातला त्याचा हा पहिला स्वतंत्र निर्णय. दवाखान्यातले सर्जन भले गृहस्थ होते. पित्ताशयात बारीकसा खडा दिसतोय, दुसरं काही सापडत नाही, तेव्हा पित्ताशय काढून बघू, असं ते म्हणाले. ऑपरेशनचा दिवस ठरला.

शेडताई घाबरल्या. पोट फाडून घ्यायला त्या भीत नव्हत्या. त्यांच्या पोटावर आधीच एक खूण होती, दुसरी आली असती. पण मागच्या भुलेनंतर गेलेली ती ताकद त्यांना आठवत होती. या वेळी परत आलीच नाही तर? आणि समजा पित्ताशयही निर्दोष निघालं, तर मग पुढच्या वेळी दुखेल तेव्हा कुणाला काय सांगायचं? घरातली माणसं आता सहानुभूतीने मान हलवायची, पण मान हलवण्यातही शेड असते आणि ती ओळखणं हाच त्यांचा धंदा होता.

ऑपरेशनच्या आधी तपासायला दुसऱ्या एक डॉक्टरीणबाई आल्या. पोक्त, चष्मा डोक्यावर ठेवून तो सगळीकडे शोधणाऱ्या. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारत विचारत, लघवीचा रंग कसा असतो, असं विचारलं. आजवर हा प्रश्न शेडताईंना पुष्कळांनी विचारला होता, पण हो किंवा नाही एवढंच उत्तर घेऊन ते पुढे गेले होते. या बाई पेन उघडून थांबल्या. मग काय विचारता. शेडताई दुखत्या पोटानिशी उठून बसल्या. एरवी फिकट गवती असते, त्या म्हणाल्या, पण दुखायला लागलं की पातळ चहासारखी होते, आणि तशीच ठेवली तर दुपारपर्यंत तिच्यावर तांबडा चढतो. विटेचा नव्हे, बिटाचाही नव्हे. जुन्या लाकडी खुर्चीला पॉलिश केल्यावर आत जो जांभळट लाल दिसतो, तो.

"ठेवली तर चढतो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "आधी नसतो?"

आधी नसतो, शेडताई म्हणाल्या. ओला रंग वेगळा आणि वाळलेला वेगळा, तसंच ते.

बाईंनी डोक्यावरचा चष्मा अचूक शोधून डोळ्यांवर आणला. ऑपरेशन दोन दिवस पुढे ढकला म्हणून त्यांनी सर्जनना सांगितलं आणि सकाळच्या लघवीचा नमुना मागितला. नर्सने संध्याकाळीच काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली आणून दिली आणि नीट जपून ठेवा म्हणून ती पुढच्या खाटेकडे गेली.

इथे, वाचकहो, एक गोष्ट घडली, जी फक्त शेडताईंच्याच हातून घडू शकली असती.

त्यांनी सकाळी नमुना घेतला, बाटलीकडे पाहिलं, आणि त्यांना वाटलं, हा काळा कागद लाजेखातर असणार. चार माणसांत लघवीची बाटली उघडी कशी न्यायची, म्हणून बिचाऱ्या नर्सने गुंडाळून दिलीय. पण लाज ही लाजेच्या जागी आणि रंग रंगाच्या जागी. डॉक्टरीणबाईंना रंग बघायचा आहे आणि रंग उजेडातच खुलतो. अर्धवट शेड गिऱ्हाइकाच्या हाती देणं शेडताईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी कागद सोडून नीट घडी घालून ठेवला आणि बाटली खिडकीत उन्हात मांडली. मधूनमधून ती फिरवलीही, सगळ्या बाजूंनी सारखा रंग यावा म्हणून. दुपारी ती बाटली इतकी देखणी झाली, की शेजारच्या खाटेवरच्या आजींनी हे कसलं सरबत म्हणून विचारलं. तेव्हा कुठे शेडताईंनी तिला पुन्हा कागद गुंडाळला आणि समाधानाने नर्सच्या हवाली केली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचं उत्तर आलं. जे द्रव्य शोधत होते ते थोडंसंच सापडलं होतं. त्यावरून नक्की काही म्हणता येत नव्हतं.

सर्जन म्हणाले, मग परवा सकाळी करून टाकू. नवऱ्याने सही करायला पेन काढलं. भेटायला आलेल्या दादाने खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, आता तरी नाटक संपव, असं हसत हसत म्हटलं, आणि शेडताई भिंतीकडे तोंड करून झोपल्या. भिंतीचा रंग अगदी वाईट होता, पण त्यावरही त्या काही बोलल्या नाहीत. हे बघून नवरा घाबरला.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी आल्या त्या जरा ओशाळूनच. तुमच्या वर्णनावरून मला खात्री वाटली होती, त्या म्हणाल्या, पण काय करणार. शेडताई भिंतीकडे बघतच बोलल्या, की निदान रंग तरी तुम्हाला नीट दिसला असेल, मी काल सकाळभर राबत होते. कशासाठी राबत होतात, असं बाईंनी विचारलं.

"बाटली उन्हात फिरवत होते ना. रंग उन्हातच कळतो."

डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेवर बसल्या. आधी त्यांनी कपाळाला हात लावला, मग त्या हसू लागल्या, आणि हसणं आवरेना तसा चष्मा पुसू लागल्या. जे द्रव्य त्या शोधत होत्या ते मुळात बिनरंगाचं. उजेड लागला, की ते मोडतं आणि त्याचाच तो लाल होतो. शेडताईंनी रंग आणण्याच्या नादात पुरावा उन्हात वाळवून टाकला होता. चूक खरं तर सांगणाऱ्यांची, बाई म्हणाल्या. काळा कागद कशासाठी हे आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं. लगेच दुसरा नमुना घेतला गेला. या वेळी शेडताईंनी बाटलीला काळा कागद, त्यावर टॉवेल आणि त्यावर नवऱ्याचा कोट गुंडाळला. नवरा ते बोचकं छातीशी धरून प्रयोगशाळेपर्यंत गेला, आणि रस्त्यात लोक त्याला बाजूला होऊन वाट देत होते.

या वेळी द्रव्य भरपूर सापडलं. पोटदुखीला नाव मिळालं: पोर्फिरिया.

दादा म्हणाला, हे तर माझं आहे.

डॉक्टरीणबाईंनी वळून पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं, म्हणजे त्याच्या हातांकडे. मग त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि शिकाऊ माणसाला गाडीचे भाग सांगावेत तसं सगळं सांगितलं. रक्तातला लाल रंग शरीर एका दमात बनवत नाही. एका टेबलावरून पुढच्या टेबलावर माल सरकत जातो. एखाद्या टेबलावरचा कारागीर मंद असला, की अर्धाकच्चा माल साठून राहतो. कोणतं टेबल अडलं, यावर दुखणं ठरतं. एका प्रकारात फक्त पोट आणि नसा धरतात, कातडीला काही होत नाही. एकात फक्त कातडीवर फोड येतात आणि पोट मजेत असतं. दादाला तोच असल्याचं सांगितलं होतं. आणखी एक प्रकार लहान मुलांचा: उन्हात गेली की हात भाजल्यासारखी रडतात, पण फोड सहसा दिसतच नाहीत आणि लघवीचा रंगही बदलत नाही, त्यामुळे त्यांना तर कुणीच खरं मानत नाही. शेडताईंनी इथे मान हलवली. त्या मुलांची शेड त्यांना कळली.

"आणि दोन्ही करणारेही प्रकार आहेत," बाई म्हणाल्या. "एकाच घरात एकाचे हात, दुसऱ्याचं पोट."

दादाची जीभ या वेळी मात्र ब्रेक लागल्यासारखी थांबली. मग त्याने विचारलं, की हात बघून कळत नाही का? नाही कळत, बाई म्हणाल्या. दोन्हीतले फोड अगदी सारखे. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते अशा हातांना बहुतेक वेळा लागू पडतंच. डोळ्यांनी फरक करता येत नाही. यावर शेडताई खाटेवरून हरकत घ्यायला उठल्याच. डोळ्यांनी करता येत नाही असा फरक जगात असतो, हे त्यांना मान्य नव्हतं. तेव्हा बाईंनी समजावलं, की रक्तातलं पाणी वेगळं काढून खास दिव्याखाली धरतात, ते लालसर चमकतं, आणि नेमकं कुठलं लाल चमकतं ते यंत्र मोजतं. या प्रकाराचं लाल आणि त्या प्रकाराचं लाल यांत केसाएवढा फरक असतो.

शेडताईंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी पायरीवरचं ऊन आलं. म्हणजे शेडच जुळवायची, त्या म्हणाल्या. बाई म्हणाल्या, हो, शेडच.

बहीणभावांचं रक्त तपासणीला गेलं. खात्रीसाठी आणखी एक नमुना लागला, तो कशाचा होता हे इथे लिहीत नाही. दादाने तो नेताना काळा चष्मा लावला होता एवढंच सांगतो. उत्तर येईपर्यंत शेडताईंना शिरेतून साखरेचं पाणी आणि औषध सुरू झालं होतं आणि पोटातला तो टॉवेल पिळणारा हळूहळू दमत चालला होता. उत्तर आलं तेव्हा खोलीत सगळे होते. दोघांचं लाल एकच निघालं. प्रकाराचं नाव व्हेरिगेट, म्हणजे ज्याचा एक रंग नाही, कधी कातडीवर दिसणारा, कधी पोटात बसणारा, कधी दोन्हीकडे. आईकडून किंवा वडलांकडून आलेलं, दारूशी संबंध नाही. हे शेवटचं वाक्य दादाने डॉक्टरीणबाईंकडून वहिनीसमोर पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

सर्जननी ऑपरेशन स्वतःच रद्द केलं आणि पित्ताशयाचं अभिनंदन केलं. मागच्या वेळी अंगातली ताकद कशी गेली, तेही आता कळलं. भुलेची काही औषधं या दुखण्याला चालत नाहीत. इथून पुढे साधी गोळी घ्यायची तरी आधी विचारायचं. दादाचं रक्त काढणं थांबलं, कारण या प्रकारात त्याचा काही उपयोगच नव्हता. त्याला उजेडापासून हात झाकायचे होते, आणि शेडताईंसारखंच औषधांना जपायचं होतं. घरातल्या बाकीच्या रक्ताच्या माणसांचीही तपासणी ठरली.

"आणि तुम्ही," डॉक्टरीणबाई शेडताईंना म्हणाल्या, "उपाशी राहायचं नाही. उपासमार झाली की हे दुखणं उठतं. वेळेवर जेवायचं."

सगळे सासूबाईंकडे बघू लागले. त्यांनी पदर सारखा केला, आपल्या पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि तो सुनेच्या मांडीवर ठेवला. एवढ्या मोठ्या विजयाचा इतका संयमित सोहळा त्या घराने आजवर पाहिला नव्हता. संयम घरी पोचेपर्यंतच टिकला. त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी सुनेचा आजार आपण किती वर्षांपूर्वी ओळखला होता ते सांगितलं, आणि लिफ्ट त्यांच्या मुलाच्याच देखभालीतली असल्यामुळे ती मजल्यांच्या मध्येच बंद पडून ऐकणाऱ्यांना सुटकाही मिळाली नाही.

दादा मात्र सगळे गेल्यावर मागे रेंगाळला. खाटेच्या पायथ्याशी त्याच जागी उभा राहून त्याने घड्याळाचा पट्टा दोनदा सोडला आणि दोनदा बांधला.

"नाटक म्हणत होतो ना मी," तो म्हणाला. "त्यात मलाही काम होतं. मलाच ठाऊक नव्हतं."

शेडताईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि आता जरा रंग यायला लागलाय तुला, असं म्हटलं. मग पुडा पुढे केला. दोघांनी मिळून तो संपवला.

हल्ली दादा हातमोजे घालून शिकवतो. पहिले मोजे त्याने वहिनीचे उचलले होते, जांभळ्या फुलांचे, आणि त्याचे शिकाऊ त्या फुलांकडे बघता बघता सिग्नल विसरायचे. परवा तो नंतर विकत घेतलेले साधे मोजे घेऊन दुकानात आला. खिडकीकडच्या मोज्याचा रंग उन्हाने पार उडाला होता, दुसरा जसाच्या तसा; दोन्ही एका रंगाचे करून दे म्हणाला. शेडताईंनी रंग उडालेला मोजा घेतला आणि पायरीपर्यंत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही उन्हाशी जपून राहायला सांगितलं आहे, म्हणून आता त्या स्वतः दाराच्या सावलीत उभ्या राहतात आणि नमुना लांब काठीच्या टोकाला लावून उन्हात धरतात. येणारे-जाणारे मासे पकडताय का म्हणून विचारतात. त्या हो म्हणतात.

इतक्यात दुकानाचा फोन वाजला. दुपारी या वेळी तो रोज वाजतो. मालकांनी तो घेतला, ऐकलं आणि पायरीकडे धरला. पलीकडून सासूबाईंचा आवाज साऱ्या दुकानाला ऐकू येत होता. जेवलीस का, एवढंच त्या विचारत होत्या. शेडताई काठी दादाच्या हाती देऊन जेवणाचा डबा उघडायला आत गेल्या, आणि दादा वहिनीचे फुलांचे मोजे घातलेल्या हातांनी सावलीत उभा राहून उन्हातल्या मोज्याकडे बघत राहिला.